कोटाच्या आतली माणसं

इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या आमच्या मराठी मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. सिंकमध्ये खरकटी भांडी साचतात, तसे साचतात. वास यायला लागला की सांगावे लागतात.

*

मी नॉटिंगहॅमला युनिव्हर्सिटीत जर्मन शिकत होते. पहिल्या सुट्टीत घरी आले, तर बाबांनी जेवताना विचारलं, "काय शिकलीस?"

म्हटलं, "ब्युर्गर म्हणजे शहराचा रहिवासी. बुर्ग म्हणजे कोट, किल्ला. त्याच्या आसऱ्याने राहणारा तो ब्युर्गर."

बाबा भात कालवत म्हणाले, "एवढ्यासाठी एवढी फी?"

*

मंडळाचे अध्यक्ष जोशीकाका, रिटायर्ड सर्जन. त्यांनी मला स्टेजवर पाच मिनिटं दिली.

मी सांगितलं, "श्पीस म्हणजे भाला. घोडा परवडत नाही म्हणून भाला घेऊन पायीच गाव राखणारा, तो श्पीसब्युर्गर. पुढे त्याची शिवी झाली. कुंपणापलीकडचं काही दिसत नाही असा कोत्या मनाचा माणूस!" पहिल्या रांगेकडे बघूनच बोलले.

काका उठले. "वा! आपल्याला असेच भालेवाले हवेत!"

गणपतीत सगळे व्हॉलंटियर 'श्पीसब्युर्गर' छापलेले टी-शर्ट घालून पार्किंग सांभाळत होते. काकांचा एक्स्ट्रा लार्ज.

*

दुसऱ्या वर्षी मी डिग्री सोडली. सकाळी अंथरुणातून उठवतच नव्हतं. बाबांना फोन केला. मी रडतेय हे त्यांना ऐकू येत होतं.

त्यांचा पहिला प्रश्न: "मंडळात कुणाला बोललीस का?"

*

बाबांनी मंडळात सांगितलं, मुलगी वर्षभरासाठी जर्मनीला गेली. म्हणजे मी आमच्याच घरात, वरच्या अडगळीच्या बॉक्सरूममध्ये, जर्मनीला! पडदा उघडायचा नाही. घरामागच्या रेडवेवर, त्या लाल पायवाटेवर, फिरायचं नाही.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे गं," आई म्हणाली.

वर्ष संपलं. बाबांनी माझा मुक्काम वाढवला.

*

परवा आमच्याकडे सत्यनारायण होता. खाली अख्खं मंडळ. बाबांनी सगळ्यांसमोर मला व्हिडिओ कॉल लावला. मी पांढऱ्या भिंतीला टेकून हात हलवला. "बारीक झालीस गं!" सगळे ओरडले. तो आवाज मला फोनमधून आला आणि जिन्यातूनही.

थोड्या वेळाने दारावर टकटक. वाटलं, आई प्रसाद घेऊन आली. उघडलं, तर जोशीकाका! खालचं टॉयलेट कुणीतरी अडवलेलं, म्हणून वरचं शोधत आलेले.

मी नाइटसूटमध्ये. ते रेशमी कुर्त्यात.

"काका," मी म्हटलं, "मला खाली यायचंय."

काकांनी जिन्याकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"थंडी असेल ना गं तिकडे? स्वेटर घालत जा."

आणि दार हलकेच ओढून घेतलं.