अमावस्येची पेटी

वडील नंदुरबारात पत्र्याच्या पेट्या करत. पत्र्याची घडी मारायची, ठोकायची, कोपऱ्यांना रिबिटा, म्हणजे चपट्या डोक्याचे खिळे, बसवायचे. मला त्या रिबिटांची लाज वाटे. मी चार महिने एका गॅरेजात वेल्डिंग शिकलो होतो ना! तिथल्याच एका मिस्त्रीने घरी तार गुंडाळून बनवलेलं वेल्डिंगचं मशीन मी स्वस्तात उचलून आणलं होतं. करंटच्या कमी आणि जास्त, एवढ्या दोनच खुणा त्याला.

शेजारी पिठाची चक्की होती. ती सुरू झाली की वीज ओढून घेई, आमचा दिवा पिवळा पडे आणि मशीन गरीब गायीसारखं वागे. पातळ पत्रासुद्धा सुरेख जुळायचा. मला वाटलं, आपला हात बसला. कसला हात अन् कसलं काय, सगळी चक्कीची कृपा!

धाकट्या बहिणीचं लग्न खांडबाऱ्याला ठरलं. मी छाती फुगवून सांगितलं, हिची पेटी मी करणार, एक रिबीट दिसणार नाही. पत्रा परमिटवर मिळे, तो पेटीपुरताच होता. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा, नेमका अमावस्येच्या दिवशी, मी जोडायला बसलो. वडील म्हणाले, "आज आवस शे. अवजारले हात लावू नको."

मी हसलो. "लाइटले आवस समजस का?"

रॉड टेकवली आणि पत्र्याला भोक पडलं. ते बुजवायला गेलो तर दुप्पट झालं. पत्रा पापडासारखा वाकला. चार भोकं पडल्यावर माझ्या कानांना कळलं, शेजारी सामसूम आहे. अमावस्या म्हणून चक्की बंद होती, आणि सगळी वीज माझ्या मशीनला मिळत होती, 'कमी'च्या खुणेवरही पत्रा जाळण्याइतकी.

बायामाणसं गोळा झाली. काय झालं, विचारू लागली. 'मला येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "बाबा सांगतच होते. आवस भोवली."

वडिलांनी ठिगळं लावली, रिबिटा ठोकल्या, वर हिरवा रंग दिला. पण माझं वाक्य पेटीच्या आधी खांडबाऱ्याला पोचलं. सासूने पेटी घरात घेतलीच नाही, गोठ्यात ठेवली. म्हैस आटली, आवसची पेटी. दीर नापास झाला, आवसची पेटी. बहिणीचं पहिलं मूल चार दिवसांत गेलं, तेव्हापासून पेटीचं नावच सुटलं. माझ्या बहिणीलाच आवस म्हणू लागले. मी दर दिवाळीला तिच्याकडे जायचो, फराळ चापून गप्प परत यायचो. थू माझ्या जिंदगानीवर.

वडील गेले, तिची सासू गेली, तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. चक्कीचं सगळं बहिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"दादा, हाई तवय काबर सांगं नही?" ती म्हणाली. "आते मी कोणले सांगू? बोलनारा सर्वा मरी ग्यात."