मी कधी येतो म्हणालो?

बेलापुरातल्या टेम्पोवाल्या मामांची नक्कल मी लई भारी करतो. ते माणसांशीपण टेम्पो मागं घेतल्यासारखं बोलतात. ताटात भाजी वाढून घेतानासुद्धा "येऊ दे, येऊ दे, बास."

अठरा वर्षांचा झालो आणि बालगृहातून बाहेर पडलो, तेव्हा घरचं माणूस न्हाई म्हणून मला कोणी खोली देईना. मामांनी "जेवला का?" एवढंच विचारलं आणि त्यांची माळ्यावरची खोली उघडून दिली.

माझ्यासंगं बालगृहात वाढलेली ताई लग्न करून शिर्डीला गेली. दिवाळी आली तशी सासू म्हणाली, "माहेरहून न्यायला मुराळी कोन येनार? हिला हाय कोन?" ताई हे फोनवर सांगताना रडली. मला काय राहवलं न्हाई. मी मामांच्या आवाजात सासूला फोन लावला, "विहीणबाई, भाऊबीजेला धा वाजता येतो लेकीला न्यायला. बास."

मग मात्र माझी टरकली. मामा चाकाचे नट आवळत होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. वर न बघता ते म्हणाले, "किती वाजता येतो म्हणालो मी?"

"धा वाजता."

भाऊबीजेला पावणेदहालाच मामा ताईच्या दारात उभे. इस्त्रीचा सदरा, धुतलेला टेम्पो, हातात फराळाचा डबा. सासू म्हणाली, "फोनवर आवाज जरा बारीक वाटला तुमचा."

"सर्दी हुती," मामा म्हणाले.

यंदा नवरात्रातच त्यांनी मला हाक मारली, "काय रं, कधी येतो म्हणून कळवलंय मी?"