सहीखालची रेघ

आमच्या घरी चहाला कुणी आलं की पहिला कप संपायच्या आत माझा नवरा म्हणतो, "अगं, ते वाळूजचं सांग ना." मी एक सांगते, त्याच्या मागं दुसरा किस्सा निघतो, आणि पाहुण्यांचा चहा गार होतो. सोळा वर्षं सिडकोत घरी शिकवण्या घेतल्या, पण त्यातला एक किस्सा धड आठवत नाही. वाळूजच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी जेमतेम सहा महिने इंग्रजी शिकवलं, तिथलं मात्र संपता संपत नाही. कारण सरळ आहे. तिथं माझ्यावर कुणाचाही विश्वास नव्हता.

*

कारखान्यात गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या बनतात. पहिली शिफ्ट सुटल्यावर बस निघेपर्यंत पाऊण तास मिळायचा, त्यात माझा वर्ग. एचआरच्या पाटणकर साहेबांनी तशी नोटीस लावली होती, 'बेसिक इंग्रजी, मोफत'. मोफत हा शब्द कामगारांनी वाचला आणि तिथंच सगळं बिनसलं.

पहिल्या दिवशी चौदा जण आले. मी हजेरीचा कागद फिरवला, तो कोराच परत आला.

"सही कशापायी, मॅडम?" पिशोरचे काकासाहेब सगळ्यांच्या वतीनं बोलले. प्रेस मशीनवर त्यांची वीस वर्षं गेलेली.

"हजेरीसाठी."

"हजेरी तर गेटवर पंचिंगला लागली. मंग ही दुसरी कशाची?"

त्यांना वाटत होतं, इंग्रजी न येणाऱ्यांची यादी तयार होणार आणि पुढच्या महिन्यात तीच यादी घेऊन कुणीतरी गेटवर उभं राहणार. मी शपथा घेतल्या, त्यानं संशय आणखीच वाढला.

शेवटी तोड निघाली. सगळ्यांनी सह्या केल्या आणि शेवटच्या सहीखाली जेवढी जागा उरली होती तिच्यावर काकासाहेबांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली. "आता खाली कुणी काय भरू शकत नाय."

तेव्हापासून रोज आधी सह्या, मग रेघ. पुढं पुढं ते फळ्यावरही माझ्या शेवटच्या वाक्याखाली रेघ मारायला लागले. "अहो, इथं कोण काय भरणार?" मी विचारलं.

"ते भरल्यावर कळतं, मॅडम."

*

पहिला धडा 'अ' आणि 'अ‍ॅन'चा. मी म्हटलं, "वस्तूचं नाव आपण पहिल्यांदाच घेतोय, ती नेमकी कोणती हे समोरच्याला माहीत नाही, तेव्हा तिच्याआधी 'अ' लावायचा. अ बोल्ट."

"कोणता बोल्ट?"

"कोणताही."

काकासाहेब घसा साफ करून म्हणाले, "पार्ट नंबर नाय, लॉट नंबर नाय, कोणता ते म्हाईत नाय. असा माल लाईनवर सापडला तर आम्ही लाल टॅग लावून होल्डवर टाकतो."

"काकासाहेब, ही भाषा आहे. माल नाही."

"व्हय. पण होल्डच."

फळ्यावरच्या 'अ बोल्ट'भोवती त्यांनी लाल खडूनं चौकोन काढला आणि आठवडाभर मला तो पुसू दिला नाही.

*

त्यांच्याकडं एक पद्धत आहे. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरचा पहिला नग क्वालिटीवाल्याला दाखवायचा. तो पास झाला तरच पुढचा माल काढायचा.

मी म्हटलं, "माझ्यामागून म्हणा, अ‍ॅन एग." कुणी तोंड उघडेना. शकीलभाई फोर्कलिफ्ट चालवतात, ते खिशातून मोबाईल काढत म्हणाले, "मॅडम, पहले आप बोलो. रेकॉर्ड करते. फर्स्ट पीस पास होने दो, फिर हम बोलते."

पास कोण करणार, तर पिशोरला काकासाहेबांच्या मुलीला इंग्रजी शिकवणारे सर. माझा आवाज व्हॉट्सअ‍ॅपवरून तिकडं गेला. चार दिवस सरांना सवड झाली नाही आणि चार दिवस माझ्या वर्गात कुणी 'अ‍ॅन एग' म्हटलं नाही. मला मनस्वी राग आला होता. सोळा वर्षांचा अनुभव, आणि माझं अंडं पिशोरला तपासणीला!

पाचव्या दिवशी शकीलभाई हसत आले. "मुबारक हो मॅडम, आप पास." त्या दिवशी चौदा जण एका सुरात असे ओरडले की काय झालं ते बघायला कँटीनचा आचारी बाहेर आला.

*

'अ‍ॅन अवर'ला मी घाबरूनच होते. लिहिताना शब्दाच्या सुरुवातीला 'एच' आहे, पण त्याचा उच्चार होत नाही, म्हणून तिथं 'अ' न लागता 'अ‍ॅन' लागतो. हे या लोकांना पटवायचं कसं?

शकीलभाईंनी थोडा विचार केला. "मतलब रजिस्टर में नाम है, लेकिन काम पे नहीं आता."

"वशिल्याचा माणूस," काकासाहेब म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. अपवाद इतक्या झटकन समजलेला वर्ग मी त्याआधी पाहिला नव्हता.

*

वर्गात एकच बाई होती, सत्यभामा. असेंब्लीवर काम करायची. तिचे वडील फर्दापूरच्या बाजूला शेळ्या राखतात. तिला मी शेळीवर पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर तिनं पाचही वाक्यांत शेळ्यांची नावं घातली. काळी, बांडी, म्हातारी, लंगडी आणि पुन्हा काळी.

"अगं, 'अ गोट' कुठंय?"

"मॅडम, आमच्यात एक शेळी असं कुणी म्हणतच नाय. जिला तिला नाव असतंय."

"कधीच नाही म्हणत?"

"हरवली तर म्हणतो. दुसऱ्या गावात जाऊन इचारायचं, एक शेळी दिसली का? त्यांला आपली काळी कुठं म्हाईत असती?"

मी खडू खाली ठेवला. इतकी वर्षं जे मला नीट सांगता आलं नव्हतं ते तिनं एका दमात सांगितलं. मला हेवा वाटला, आणि तो मी तिला बोलूनही दाखवला.

*

त्याच सुमारास माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरची एक जागा निघाली. एकच. माल परदेशात जायचा, म्हणून रिपोर्ट इंग्रजीत लिहिता यायला हवा होता. सत्यभामानं अर्ज केला. सात वर्षं उभ्यानं स्क्रू आवळून तिचा उजवा खांदा कामातून जायला आला होता. ही जागा मिळाली नाही तर काम सोडून फर्दापूरला परत जाणार, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं.

"जागा भरलेली असंल," काकासाहेब म्हणाले. "साहेबाचा भाचा घरी बसून हाये म्हणत्यात."

"कशावरून?"

मग पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचं सांगितलं. आधीच्या कंपनीत पर्मनंट होणाऱ्यांची नोटीस लागली होती, पाच नावांची. पाचवं नाव त्यांचं. त्यांनी गावात पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खाली पेनानं सहावं नाव लिहिलेलं, आणि आठ दिवसांत त्यांच्या मशीनवर तो सहावा माणूस उभा, आणि हे गेटबाहेर. "बोर्डाला काच व्हती, मॅडम. कुलूपबी व्हतं. तरी भरलं. खाली जागा मोकळी सोडली व्हती ना."

मला त्या दिवशी त्यांच्या रेघेची चेष्टा करवली नाही.

*

परीक्षेला पाच जण होते. प्रत्येकापुढं बिजागऱ्यांच्या खोक्यांची एक थप्पी, वेळ वीस मिनिटं, आणि शेवटी सहीसाठी एक छापील कागद. कागदावर इंग्रजीत लिहिलेलं, 'संपूर्ण लॉट तपासला, ओके.' इंग्रजीसाठी म्हणून मलाही तिथं बसवलं होतं.

चौघांनी वरवर पाहिलं, सह्या केल्या आणि ते मोकळे झाले. सत्यभामा वीस मिनिटं एकाच खोक्यावर बसली. एकेक बिजागरी उजेडाकडं धरून, उघडून, मिटून. वेळ संपली तेव्हा थप्पीतली बाकी खोकी तशीच बंद होती. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तिनं कागद ओढला. छापील ओळ खोडली. खाली सावकाश लिहिलं, 'आय चेक्ड अ बॉक्स.' सही केली. मग उरलेल्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली.

पाटणकर साहेबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "बाई, एका खोक्याचा कुणी रिपोर्ट देतं का?"

"साहेब, मी तेवढंच उघडलंय."

ती गेल्यावर ते माझ्याकडं वळले. "मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?"

"इंग्रजी मी शिकवलं," मी म्हटलं. "रेघ आमच्या काकासाहेबांची." आणि पाच नावांच्या नोटिशीची गोष्ट त्यांना सांगून टाकली. त्यांनी तो कागद फायलीत ठेवला. मी घरी आले ती धास्तावूनच. बोलायला नको होतं असं रात्रभर वाटत राहिलं.

*

चार दिवसांनी नोटीस लागली. मी पोचले तेव्हा बोर्डापुढं घोळका होता आणि सत्यभामा एका बाजूला भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून रडत होती. मला काही उमगेना. घोळक्यातून वाट काढत मी पुढं गेले. नोटिशीत एकच नाव होतं, तिचं.

आणि त्याच्याखाली, पार कागदाच्या तळापर्यंत, निळ्या पेनानं ओढलेली तिरकी रेघ.

मी हसून काकासाहेबांकडं पाहिलं. "मारलीत ना शेवटी?"

"म्या नाय मारली, मॅडम."

त्यांनी बोर्डाची काच हळूच ओढून पाहिली. कुलूप होतं. त्याची किल्ली पाटणकर साहेबांच्या खिशात असते. काकासाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावून ती रेघ वरपासून खालपर्यंत तपासली, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेबानं का मारली असंल? कायतरी असंल यात."