बाबांना न आवडलेला सिनेमा

परवा कपाट आवरताना एक जुनी व्हीसीडी सापडली. कव्हर उघडलं आणि लूमच्या ऑइलचा वास आला, निदान मला तरी आला. बाबांच्या शर्टाचा वास. भिवंडीत त्यांनी जन्मभर कापडाचे लूम चालवले.

तेव्हा मी कॉलेजात होतो आणि चांगला सिनेमा कशाला म्हणतात ते नुकतंच शिकलो होतो. सुट्टीच्या दुपारी भिवंडीजवळ राहनाळच्या घरी मी हौसेने ही व्हीसीडी लावली. बक्षिसं मिळालेला, हळू बोलणाऱ्या माणसांचा सिनेमा. त्यातली बाई खिडकीशी बसून नवऱ्याला कुजबुजत काही सांगते, तिथे मी बाबांकडे वळून पाहिलं. बाबा मात्र टीव्हीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"यात काय न्हाय रं," ते म्हणाले. "फायटिंगचा लाव."

माझं डोकं फिरलं. "तुम्हाला सिनेमातलं काय कळतं?" मी ओरडलो. ते चपला घालून बाहेर गेले. त्यानंतर कुठलाही सिनेमा कसा वाटला विचारलं, की म्हणायचे, "तू सांगशील तसा."

पुढे तीन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, लूमच्या खडखडाटात यांचे कान कधीच गेलेत. लूमवाल्यांच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात, त्यामुळे आम्हाला कधी शंकाच आली नव्हती.

आता बाबा नाहीत. त्या अख्ख्या दुपारी त्यांना स्पष्ट ऐकू गेलेलं वाक्य एकच होतं, आणि ते माझं होतं.