देवघरातला टॅब्लेट

चाळिशीनंतर पुस्तकातली अक्षरं मुंग्यांसारखी दिसायला लागली, म्हणून मी एक स्वस्तातला टॅब्लेट घेतला. फक्त वाचायला. बोट फिरवलं की जरा विचार करून मगच पान उलटायचा, पण अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. शाळेतून एसटीने रनाळ्याला परतायचं आणि स्वयंपाकाला लागण्याआधी अर्धा तास आडवं पडून वाचायचं. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता. वाचायला घेतलेल्या कादंबरीतली बाई नुकतीच घर सोडून निघाली होती.

तेवढ्यात चातुर्मास लागला. आमच्या गल्लीत पोथी सासूबाईच वाचतात. दुपारी बायका ओसरीवर जमतात, त्या वाचतात, बाकीच्या ऐकतात. या वर्षी त्यांना चष्म्यातूनही ओळ लागेना. पोथी उघडायच्या आणि तशीच मिटायच्या. मला बघवेना, म्हणून मी पोथी टॅब्लेटवर घेऊन अक्षर मोठं करून दिलं. हात दाखवून अवलक्षण!

दुसऱ्या दिवशी घरी आले तर टॅब्लेट देवघरात, लाल फडक्यात गुंडाळलेला. कडेला हळदकुंकू. मी हात पुढे केला तशा सासूबाई म्हणाल्या,

"आंघोय कऱ्याबिगर हात लावू नको, माय. त्यामा पोथी शे."

दिवसभर पोरांना ओरडून घसा बसलेला, एसटीत उभं राहून पाय भरून आलेले. पुन्हा आंघोळ करून, ओल्या अंगाने बसून कादंबरी कोण वाचणार? मी कणीक मळायला घेतली. राग आला होता, पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

चातुर्मास संपला की सुटेल, असं मनाला समजावत राहिले. संपला. तरी तो देवघरातच. पोथी एकदा आत गेली ती गेली. मग मी मागायचंही सोडून दिलं.

परवा शाळेतून आले तर सासूबाई ओसरीवर एकट्याच, मांडीवर लाल फडकं आणि त्यावर टॅब्लेट. पोथीच्याच संथ चालीत वाचत होत्या. चपला काढता काढता शब्द कानावर आले आणि मी थांबले. पोथी नव्हती ती. माझी कादंबरी होती.

"आई, हे..."

"चूप. ती आते रेल्वेमा बठनी."

"मी आंघोळ करून येते."

"ऱ्हाऊ दे आंघोय. बठ आठे."

मी भिंतीला टेकून बसले. त्या वाचत राहिल्या. गाडी सुटली, त्या बाईचं गाव मागे पडलं. लग्न होऊन आल्यापासून या घरात कुणी मला "बस" म्हटल्याचं आठवेना. डोळे भरून आले. पुसले नाहीत.

मध्येच त्या थांबल्या. चष्मा काढला, समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"तिनी परत नही येवाले जोयजे," त्या हळूच म्हणाल्या. तिने परत येऊ नये, असं मलाही वाटत होतं.

मग पोथीच्या सवयीने बोट जिभेला लावून त्यांनी काचेवर फिरवलं. ओल्या बोटाने पान काही उलटेना. मी पदराने काच पुसली आणि माझ्या पारोशा बोटाने पान उलटून दिलं.