न रडणाऱ्या बहिणीचं अपेंडिक्स

“या ऑटिस्टिक आहेत का?” पालघरच्या रुग्णालयात डॉक्टरबाईंनी विचारलं. मी लगेच “नाही” म्हणाले. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. तेव्हा ज्योती सहा वर्षांची होती, आता चौतीसची आहे.

ज्योती माझी धाकटी बहीण. सातपाटीला आईजवळ राहते. मी लग्नानंतर बोईसरला आले. ती मोजकंच बोलते, तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणते. आईबरोबर बोंबील जोडीजोडीनं दोरीवर वाळत घालते. जोड्यांमधलं अंतर सारखं नसलं तर सगळे काढून पुन्हा घालते.

त्या दिवशी ती बोंबलांकडे फिरकली नाही. जेवलीही नाही. आईचा फोन आला, “तिचं काय तरी बिघडलंय. रडत नाय, बोलत नाय. पाय पोटाशी घेऊन नुसती पडून हाय.”

मी लगेच सातपाटीला गेले. जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबलं. ज्योती छताकडे बघत राहिली.

“दुखतं का?”

“नाही.”

अनोळखी माणसानं काहीही विचारलं तरी ती ‘नाही’च म्हणते. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी अंग तापलं, पोट फळीसारखं कडक झालं. मग आम्ही रिक्षानं पालघर गाठलं.

डॉक्टरबाई माझ्या उत्तरावर थांबल्या नाहीत. “लहानपणी लागलं, भाजलं तर रडायची?”

“तव्यावर हात भाजला तरी नाय रडली,” आई म्हणाली. “फोड बघितला तवा मला कललं.”

“आणि कुकरची शिट्टी?”

“कान दाबून घराभायेर जाते.”

त्यांनी तातडीनं सोनोग्राफी करायला लावली. अपेंडिक्सचं ‘परफोरेशन’ झालं होतं, म्हणजे ते फुटून पू पोटात पसरला होता. “ऑपरेशन आत्ताच करावं लागेल,” त्या म्हणाल्या.

सलाइनची सुई ज्योतीनं उपटून टाकली. मॉनिटर वाजत होता, ती पलंगाच्या दांडीवर डोकं आपटत होती. कुणीतरी हात बांधायला पट्टी आणली. डॉक्टरबाईंनी ती परत पाठवली, दिवे मालवले, आवाज बंद केला आणि आईला जवळ बसवलं. आई ज्योतीचंच आवडतं वाक्य म्हणू लागली, “भरती आली, होडी आली.” बऱ्याच वेळानं ज्योतीचे ओठ हलले. तेवढ्यात नर्सनं सुई लावली.

ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर आईनं विचारलं, “जगंल ना गं ती?” मी तिचा हात धरला.

ज्योती वाचली. जखम भरायला वेळ लागला, ताप मात्र हळूहळू उतरला. घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांनी तिला तपासलं, आईकडून तिचं सगळं लहानपण ऐकून घेतलं आणि निदान सांगितलं: ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर. मला रागच आला. मग तेव्हा मुंबईचे डॉक्टर ‘नाही’ का म्हणाले?

त्यांनी समजावलं. त्या काळी ऑटिझमची चौकट अरुंद होती. थोडं बोलणारी, हाकेला बघणारी मुलं बऱ्याचदा तिच्याबाहेर राहत. ‘लक्षणं आहेत, पण पुरेशी नाहीत’ असं सांगून त्यांना घरी पाठवत. पुढे वेगवेगळी नावं एका स्पेक्ट्रमखाली आली, म्हणजे कमी-अधिक लक्षणांचा एकच मोठा पट्टा. आवाज असह्य होणं, वेदना न दाखवणं, हेही आता निदानाच्या निकषांत आहे, पूर्वी नव्हतं. “तुमची बहीण तीच आहे,” ते म्हणाले. “आमची व्याख्या बदलली. कदाचित पुन्हाही बदलेल.”

“मंग तवाच कललं असतं,” आईनं विचारलं, “तर पोटाचं येवडं वाढलं नसतं?”

“कदाचित नसतं,” डॉक्टर म्हणाले.

तुमच्या घरात कुणाची अशी तपासणी बऱ्याच वर्षांपूर्वी होऊन ‘नाही’ असं उत्तर मिळालं असेल, तर ते शेवटचं मानू नका. पुन्हा दाखवा.

परवा ज्योतीच्या दाढेची हिरडी सुजली. दाताच्या दवाखान्यात आईनं तिला खुर्चीत बसवण्याआधीच डॉक्टरांना सांगितलं, “ही रडनार नाय. पन तिला दुखतंय असं समजूनच हात लावा.”