होल्डवर ठेवलेला कॅमेरा

"आधी पाहूं, मग बोलूं."

हे म्हणताना आमचे सर एक डोळा मिटायचे आणि हातातली वस्तू दुसऱ्या डोळ्यासमोर धरून सावकाश फिरवायचे. वस्तू कोणतीही असो. नट-बोल्ट असो, केळं असो, नाहीतर कॅन्टीनमधली इडली. इडली तर मोडून आतूनही पाहायचे आणि मगच सांबाराला हात लावायचे.

चेन्नईजवळ ओरगडमच्या आमच्या कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायचं खातं त्यांच्याकडे होतं. पास झालेल्या मालाला त्यांच्या पूर्ण सहीचं हिरवं लेबल, नापास मालाला लाल, आणि मन ठरत नसेल तर पिवळं, म्हणजे 'होल्ड'. लाल लावायला त्यांचा जीव व्हायचा नाही आणि हिरवं लावायला धीर व्हायचा नाही. त्यामुळे पिवळ्या लेबलांचे गठ्ठे दर महिन्याला नव्याने मागवावे लागत. प्रॉडक्शनची माणसं येऊन हात जोडायची आणि हे पुढचं खोकं उघडायचे.

असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. दुकानात तो आपल्या पुढे उभा असतो आणि आपला नंबर काही लागत नाही.

मी पुण्याहून नोकरीसाठी चेन्नईला गेलो, ते साल दोन हजार सात-आठच्या आसपासचं असेल. कंपनीची बस सकाळी अड्यारहून सुटायची. पहिल्याच आठवड्यात मी बसमध्ये आईशी फोनवर बोललो, फोन ठेवला, तर शेजारचे गृहस्थ, म्हणजे हेच, म्हणाले, "तुम्ही मराठी काय? आम्हीही मराठीच. तंजावरचे." पुढचा तासभर मी नुसता ऐकत राहिलो. एखाद्या बखरीतला कारकून कडक इस्त्रीचा शर्ट घालून शेजारी बसावा तसं ते बोलत होते. मधूनच एखाद्या वाक्याच्या शेवटी तमिळ 'पा' यायचा आणि आपण चेन्नईत आहोत याची आठवण व्हायची.

त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. देवघरात तुळजाभवानीचा टाक होता, पण तुळजापूर घरातल्या कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या आईला, म्हणजे अम्मांना, मरण्याआधी एकदा तिथे जायचं होतं. त्या ऐंशीच्या घरात होत्या. येत्या पोंगलच्या सुट्टीत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. नात्यातले बाकीचे कोणी एवढ्या लांब जाणार नव्हते, तेव्हा घरोघरी देण्यासाठी उत्तम फोटो हवेत आणि उत्तम फोटोंसाठी डीएसएलआर कॅमेरा हवा. आयुष्यातला पहिलाच. इथवर सगळं ठीक होतं.

मग त्यांनी कॅमेरा तपासायला घेतला.

तुलनेचा तक्ता मीच टाइप करून दिला. मेगापिक्सेल, बॅटरी, लेन्स इथपर्यंत मला कळत होतं. पुढे ओळी वाढत गेल्या. घामाच्या हातातून निसटेल काय? समुद्राच्या वाऱ्याने गंजेल काय? अम्मांना उचलवेल काय? अशा तीसेक ओळी झाल्या. कोणतातरी एक कॅमेरा पुढे सरकतोय असं वाटलं, की नवं मॉडेल येणार असल्याची बातमी यायची आणि सगळे होल्डवर जायचे.

माउंट रोडवरच्या एका दुकानात आम्ही इतक्या वेळा गेलो, की तिथला सेल्समन आम्हाला पाहून आतल्या खोलीत जायला लागला. एकदा यांनी खिशातून कारखान्यातलं मोजमापाचं व्हर्नियर काढलं आणि एकाच मॉडेलच्या दोन नगांच्या लेन्सच्या कड्या मोजल्या. घरून आलेखाचा कागद नेला, तो भिंतीला चिकटवायला लावला आणि फोटोत रेघा वाकड्या येतात का ते पाहिलं. सेल्समन तमिळमध्ये काकुळतीने म्हणाला, "सार, हा कॅमेरा आहे, पिस्टन नव्हे." यांनी ते मनावर घेतलं आणि तक्त्यात आणखी दोन ओळी वाढवल्या.

पोंगल गेला. उन्हाळ्यात तिकडे ऊन फार, म्हणून उन्हाळा गेला. नवरात्रात गर्दी, म्हणून नवरात्र गेलं. बसचा ड्रायव्हरसुद्धा सकाळी 'कॅमेरा घेतलात काय' असं विचारायला लागला. मीही सगळ्यांबरोबर हसत होतो.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. ते कॉफी करायला आत गेले. कॉफीची पूड किती घालायची यावर त्यांचा कोणावरही विश्वास नव्हता. अम्मा माझा आवाज ऐकून बाहेर आल्या आणि चाचपडत माझा हात धरला.

"बैस बाळा. त्याचा क्यामरा ठरला काय?"

"अजून नाही, अम्मा."

"मला काचबिंदू आहे. डावा डोळा गेला, उजव्याने थोडं दिसतं. सून नेते डॉक्टरकडे. त्यास अर्धंच सांगतों आम्ही. नाहीतर डॉक्टरासही होल्डवर ठेवील तो." त्या हसल्या, मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "मला फोटो नको रे. मला आई पाहायची आहे. हे त्यास सांगू नको."

मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये सगळं सांगून टाकलं. मला त्यांचा रागच आला होता आणि वर्षभर हसत बसल्याबद्दल स्वतःचाही. "सर," मी म्हणालो, "तुमचा कॅमेरा ठरेपर्यंत अम्मांचा उजवा डोळाही जाईल."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि ओरगडम येईपर्यंत हातातच धरून बसले.

संध्याकाळी ते मला घेऊन थेट दुकानात गेले. सेल्समनला पळायला सवड मिळाली नाही.

"एक कॅमेरा द्या."

"कोणता, सार?"

"तुम्ही म्हणाल तो."

सेल्समन घाबरला. त्याने मला बाजूला घेऊन सरांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. मग एक खोकं आणलं, स्वतःच उघडलं आणि हे पाहत नाहीत म्हटल्यावर त्यानेच लेन्स उजेडात धरून उलटसुलट तपासली. हे दाराकडे तोंड करून उभे होते.

अम्मांना घेऊन तुळजापूरला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून मलाही बरोबर नेलं. त्याची गरज सोलापूर स्टेशनबाहेरच पडली. यांनी जीपवाल्याला सांगितलं, "आम्हांस तुळजापुरास जाणें आहे. कोठे बैसावें?" जीपवाला त्यांच्याकडे बघतच राहिला आणि मला म्हणाला, "पाव्हणे कुठले म्हणायचे?"

"मराठीच आहेत," मी म्हणालो, "जरा जुने आहेत."

देवळाच्या दारात पहारेकऱ्याने कॅमेऱ्याच्या बॅगेवर हात ठेवला. "कॅमेरा आत नाही चालत."

तीस ओळींच्या तक्त्यात ही ओळ नव्हती. कॅमेरा घामाने निसटेल की नाही ते आम्ही पाहिलं होतं, देवळात नेता येईल की नाही हे कोणालाच विचारलं नव्हतं. तक्ता मी टाइप केलेला, तेव्हा त्या अकलेत माझाही वाटा होता. मला वाटलं, आता हे सामान ठेवायच्या खिडकीपाशी जाणार, कुलूप ओढून पाहणार आणि अम्मा तोवर उन्हात उभ्या राहणार. मी बॅग घेण्यासाठी हात पुढे केला. पण त्यांनी ती बाजूच्या फुलवालीच्या मांडीवर ठेवली.

"बाई, हें ठेवा." तिचं उत्तर ऐकायलाही ते थांबले नाहीत. अम्मांचं कोपर धरलं आणि मलाही म्हणाले, "तुम्ही दुसरा हात धरा."

पायऱ्या खाली उतरतात. प्रत्येक पायरी ते अम्मांना मोजून सांगत होते. गाभाऱ्यात सगळ्यांना मिळतो तेवढाच वेळ आम्हालाही मिळाला. मागून 'चला, चला' चाललं होतं. अम्मांनी चेहरा पुढे केला आणि दोन्ही डोळे, गेलेला आणि राहिलेला, जमेल तेवढे मोठे उघडले. देवीला त्या दिवशी गडद निळी साडी नेसवलेली होती.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "अम्मा, दिसली काय?"

"दिसली रे. डाळिंबी लुगडं. किती साजतं तिला."

ते माझ्याकडे वळले. मी पायऱ्यांकडे पाहिलं. दोन केळी घ्यायला अर्धा तास लावणाऱ्या या माणसाने क्षणभरही वेळ घेतला नाही.

"होय अम्मा," ते म्हणाले, "डाळिंबीच."

पुढच्या वर्षी अम्मा गेल्या. ते निवृत्त होऊन तंजावरला राहायला गेले आणि मी पुण्याला परतलो. एक दिवस त्यांच्याकडून पार्सल आलं. नात्यातल्या घरोघरी दिलेल्या अल्बमची एक प्रत त्यांनी मलाही पाठवली होती. सगळे फोटो नंबर घालून लावलेले. जीपवाला, मांडीवर बॅग घेतलेली फुलवाली, महाद्वारात अम्मा सात बाजूंनी. फोटो चांगले होते, रेघा सरळ आल्या होत्या.

शेवटच्या पानावर फोटो नव्हता. पट्टीने आखलेली एक रिकामी चौकट होती आणि तिच्याखाली त्यांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं:

'श्री तुळजाभवानी. लुगडें डाळिंबी.'

आणि त्याखाली त्यांची पूर्ण सही.